निर्व्यसनी सरांचे मऊ पाव

मामाजी, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि तुमची स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. येणारा प्रत्येक जण ओसरीवर चप्पल काढतो, तुमच्या फोटोला हात जोडतो आणि मला सांगतो की असे सासरे नशिबानं मिळतात. मी चहा देते. बाभुळगावात तुमच्या हाताखालून गेला नाही असा माणूस शोधावा लागेल. तुम्ही कोणाला घरी बोलावून त्रैराशिक शिकवलं, कोणाला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसाठी उन्हात उभं केलं, हे सगळं मला आता पाठ झालं आहे. मला काय माहीत आहे ते मात्र कोणी विचारत नाही. अकरा वर्षं मी तुम्हाला जेवायला वाढलं. गावानं तुम्हाला शाल-श्रीफळ दिलं तेव्हा तुम्ही ताठ बसलेले होते. घरी ताटासमोर कसे बसायचे ते फक्त मी पाहिलं.

तर मी बोलते, तुम्ही ऐका. मधेच हात वर करून “आधी वाक्य पूर्ण कर” असं म्हणायची सोय आता तुम्हाला नाही.

लग्नात माझ्या आईनं मला गोल ओव्हन दिला होता. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. यवतमाळला आमच्या भिंतीला भिंत लागून नसीमभाभींचं घर होतं. त्यांच्याकडून मी बटाट्याचे पाव शिकले होते. उकडलेला बटाटा गरम असतानाच कुस्करायचा, एक गाठ राहू द्यायची नाही. त्यात मैदा, कोमट दूध, फुललेलं यीस्ट, साखर, मीठ, लोणी. पीठ हाताला चिकटतं, पण वरून मैदा घालायचा मोह टाळायचा. मळत राहायचं, मग ते आपोआप हात सोडतं. दुप्पट फुगलं की गोळे करून थाळीत एकमेकांना खेटून ठेवायचे, म्हणजे त्यांच्या बाजू कडक होत नाहीत. भट्टीतून निघाले की वरून लोणी फिरवायचं आणि लगेच पातळ फडक्यानं झाकायचं. दुसऱ्या दिवशीसुद्धा ते बोटानं दाबले तर खाली जातात आणि परत वर येतात.

सासरी आल्यावर महिन्याभरात मी ते पहिल्यांदा केले. तुम्ही थाळीकडे पाहिलंत, जसं एखाद्या मुलाच्या कोऱ्या पेपरकडे पाहावं तसं.

“हे काय आहे?”

“बटाट्याचे पाव, मामाजी.”

“पाव हे आजाऱ्याचं खाणं आहे. घरात कोणी आजारी आहे का?”

ते तुमचं शाळेतलं मराठी. रागाचं आणि भुकेचं मराठी वेगळं होतं, ते मला नंतर कळलं. एक पाव तुम्ही तोडलात, चावलात आणि खिशातून लाल पेन काढून वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात लिहिलंत: दहापैकी चार. मीठ जास्त. तळ करपला. नव्या सुनेच्या हातात तो कागद ठेवताना तुम्हाला काहीही वाटलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले. नितीन म्हणाले, बाबांचा स्वभावच तसा आहे, त्यांच्या मनात काही नसतं. या घरात तुमच्या प्रत्येक उद्धटपणाला स्वभाव हे नाव होतं.

आठ दिवसांनी तुम्ही यवतमाळहून आलात आणि ओट्यावर एक छोटा तराजू ठेवलात. “अंदाजपंचे करायचं असंन तर भाकरी कर. याले मोजमाप लागते,” इतकं बोलून तुम्ही पेपर वाचायला गेलात. तो तराजू मी अजून वापरते. तुमचे शेरे बरोबर असायचे, हेही मान्य करते. यीस्ट जुनं झालंय, हे तुम्ही एका घासात ओळखायचे. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात पीठ पाऊण तासात फसफसून आंबट होतं, तेव्हा थंड दूध घालून बघ, हे तुम्हीच म्हणालात. ज्या जिभेवर मी इतका विश्वास ठेवला, त्याच जिभेखाली तुम्ही दिवसभर काय ठेवत होते ते गावात कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. सरांना विचारायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर “आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा” हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. अक्षर काय सुंदर होतं तुमचं! आणि शर्टाच्या खिशातल्या चष्म्याच्या डबीत खर्र्याची पन्नी. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटून मऊ केलेलं. पानठेल्यावर तुम्ही कधी उभे राहिला नाहीत. आदर्श माणसानं ठेल्यावर कसं उभं राहायचं? पुडी घरी यायची, गुंडाळलेल्या पेपरात. सकाळी प्रार्थनेनंतर मुलांना व्यसनावर पंधरा मिनिटं सुनवायची आणि मग कार्यालयाच्या मागच्या मोरीत जाऊन थुंकायचं. तीस वर्षं तुम्ही हे केलंत. मला खर्रा खाणाऱ्या माणसाची घृणा येत नाही, मामाजी. आपल्याकडे अर्ध्या घरांत तो आहे. मला त्या सुंदर अक्षराची येते.

नितीनच्या मामांच्या शेतात, राळेगावकडे, लग्नाला सात वर्षं झाली त्या हिवाळ्यात रोडग्याचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरून लाकडासारखे टणक, आत पदर सुटलेले, वांग्याची भाजी, वरण, त्यावर तूप. तुम्ही रोडग्याचे किती वेडे होते ते सगळ्यांना ठाऊक. पुरुषांची पंगत बसली तेव्हा तुम्ही ताट घेऊन बाजूला ट्रॉलीच्या सावलीत गेलात. “सर, अजून एक घ्या नं,” असं मामा ओरडले, तर तुम्ही हात हलवून म्हणालात, “तीन झाले बाप्पा, पोटात जागा नाही.”

मी पाणी घेऊन मागून येत होते. तुमच्या ताटात पहिला रोडगा जसाच्या तसा होता. तुम्ही तो फोडत होते आणि तुकडे दुपट्ट्यात लपवत होते. मला पाहिल्यावर तुमचा चेहरा कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा झाला.

“काय झालं, मामाजी?”

“काही नाही. दात दुखते.”

माझ्या पिशवीत प्रवासासाठी केलेले चार पाव होते. मी एक दिला. तुम्ही तो वरणात भिजवलात आणि बोटानं ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवलात. दात दुखणारा माणूस असा खात नाही. मी म्हणाले, तोंड उघडा बरं. कायले, म्हणालात. मी पुन्हा म्हणाले. तुम्ही उघडलंत. उभी दोन बोटं कशीबशी जातील एवढी फट. गाल आतून पांढरे पडलेले, जुन्या चामड्यासारखे ताठ.

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आंधीपासून. तिखट खाल्लं का आग होते. जांभई देता येत नाही पुरती.”

“मी ह्यांना सांगते.”

तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. सात वर्षांत पहिल्यांदा तुमचा आवाज शाळेतून उतरून खाली आला. “नको वैशाली. नितीनले सांगू नको. पोरासमोर माही काय इज्जत राहीन? मी सोडून राह्यलो हे. हळूहळू सुटते.” आणि मग, उरलेल्या पावाकडे बघत: “हा जाते मले. हा करत जाजो.”

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. मला दया आली म्हणून नव्हे. तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि मला ते चढलं. ज्यांनी मला दहापैकी चार मार्क दिले त्यांना आता माझ्याशिवाय जेवता येणार नव्हतं. तुमच्यासाठी जेवढा तिरस्कार माझ्याकडे आहे, त्यातला बराचसा त्या दुपारच्या माझ्यासाठीही आहे.

तिथून पुढं तीन वर्षं मी पाव केले, दिवसाआड. नितीन यवतमाळच्या बियाण्याच्या दुकानातून नऊला घरी पोचतात. म्हणून तुम्ही साडेसातलाच जेवायला लागलात. नितीननी विचारलं तर सांगायचे, वयानुसार लवकर जेवणं प्रकृतीला चांगलं. त्यांना ते पटलं. तुम्ही म्हणाल ते सगळंच त्यांना पटायचं. पाव दुधात, वरणात, कधी टमाट्याच्या सारात भिजवायचे. मीठ मी निम्मं केलं, कारण मिठानंही आग व्हायची. पहिल्या वर्षी मी लिंबाएवढे गोळे करत होते, थाळीत नऊ बसायचे. पुढच्या वर्षी सोळा बसायला लागले. मग मी मोजणं सोडलं. शेवटी गोळा होता सुपारीएवढा. एकदा थाळी लावून झाल्यावर माझ्या ते लक्षात आलं आणि मी ओट्यावर हात टेकून हसले. तुम्ही बाहेरून विचारलंत, काय झालं? काही नाही म्हटलं.

आणि तुम्ही खर्रा सोडला नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात पन्नी सापडली तेव्हा मी ती तुमच्यासमोर टाकली.

“हा शेवटचा,” तुम्ही म्हणालात.

“मागचाही शेवटचा होता.”

“सूनबाई, मर्यादेत राहा.”

त्या दिवशी मी पाव केले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही नितीनना उपास असल्याचं सांगून दूध पिऊन राहिलात. मला वाटलं, आता तरी मोडतील, आता तरी मुलाला सांगतील. तुम्ही सांगितलं नाही. तिसऱ्या सकाळी बाथरूममधून येताना तुम्हाला भोवळ आली आणि भिंत धरून तुम्ही खाली बसलात. मी मुकाट्यानं बटाटे उकडायला ठेवले. त्या सकाळी आपल्या दोघांपैकी कोणी हरलं असेल तर ती मी होते, आणि जिंकला तो तुमचा आजार.

पाहुण्यांसमोर तर तुम्ही कमालच केलीत. एकदा तुमच्या एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, सर, हल्ली पाव कसे काय? त्यावर तुम्ही माझ्याकडे बघून मंद हसलात. “सूनबाईला नाद आहे. मी आपला खाऊन घेतो. लेकराचं मन मोडू नये.” ते गृहस्थ म्हणाले, किती समजूतदार आहात सर. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. माझ्या हाताला तेव्हा गरम थाळीचा चटका लागलेला होता, तुमच्याच पावांचा. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही मेलात तरी मी रडणार नाही.

रडले मी. ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल की पोरगी अतिशयोक्ती करते. कारण एक दुपार आहे जी मला फेकून देता येत नाही. ऐन मे महिना होता, पाव ओव्हनमध्ये अर्धे झाले आणि लाईन गेली. डीपी जळाली, संध्याकाळपर्यंत येत नाही, असं शेजारी सांगून गेले. मी डोक्याला हात लावून बसले. तुम्ही बनियनवर स्वयंपाकघरात आलात. “तो मोठा गंज काढ,” म्हणालात. त्या पातेल्यात खाली वाळू पसरून गॅसवर तापवायची, वर जाळी, जाळीवर थाळी, झाकणावर कणीक लावायची, हे सगळं तुम्ही शिक्षकासारखं नव्हे, गड्यासारखं माझ्या बरोबरीनं केलंत. मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलंत आणि पंचवीस मिनिटं त्या भट्टीसारख्या खोलीत उभे राहिलात, घामानं निथळत.

तेव्हा तुमच्या आईबद्दल बोललात. ती दुसऱ्याच्या शेतावर कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी निखाऱ्यात गोळे भाजून द्यायची. तिला तुम्ही शाळेत कधी बोलावलं नाहीत, कारण तिला बोलता येत नव्हतं नीट, म्हणजे तुमच्यासारखं नीट. “ते येऊन उभी राहिली असती तर काय बिघडलं असतं माहं,” असं तुम्ही त्या घड्याळाकडे बघत म्हणालात. मग आपण बटाट्यावरून भांडलो. सालीसकट उकडायचा, नाहीतर तो पाणी पितो, हे तुमचं म्हणणं. बरोबर होतं. पण ते उकडलेलं पाणी पिठात घालायचं नाही, ते घाण असतं, हे चूक होतं. साल धुतलेली असली तर ते पाणीच पावाला मऊ ठेवतं. नसीमभाभींनी मला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. झाकण उघडलं तर पाव वरून फिके होते आणि खालून सोनेरी. तुम्ही एक उचलून हुंगलात, आणि त्या दिवशी लाल पेन काढलं नाहीत.

एवढं एक दिवस माणसासारखं वागता येत होतं, तर बाकीचे दिवस काय अडलं होतं, मामाजी?

मागच्या पावसाळ्यात तुमच्या पावाला रक्त लागलेलं मला दिसलं. मी त्याच संध्याकाळी नितीनना म्हटलं, मामाजींना दवाखान्यात न्या, त्यांच्या तोंडात फोड आहे. एवढंच म्हटलं. आधीचं काही नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, पण पाहण्यापुरतंही ते उघडत नव्हतं. करंगळी जात नव्हती. नितीन बाहेर केसपेपर घेत होते. डॉक्टरांनी मला विचारलं, “हे आतापर्यंत जेवत कसे होते?”

“मऊ पाव करून देत होते मी.”

“फार सांभाळलंत तुम्ही यांना,” ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. तुम्ही स्टुलावर बसून खाली बघत होते. त्या माणसानं माझ्या कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. कारण तेव्हाच मला समजलं की भूक लागली असती, ताट समोर असून घास जात नसता, तर तुम्ही त्या पहिल्याच हिवाळ्यात इथे येऊन बसले असते. तुमची लाज तीन वर्षं झाकून राहिली ती माझ्या पावांमुळे. मी ते जितके मऊ करत गेले, तितके तुम्ही लांबवत गेलात.

पुढचे आठ महिने सगळ्यांना माहीत आहेत. नागपूरच्या फेऱ्या, कॅन्सरसाठीचे शेक, नाकातली नळी. नळी लागल्यावर पावाचं काम संपलं. ओव्हनवर मी चादर टाकली. तुम्हाला बोलता येत नव्हतं. पाटी-पेन्सिल उशाशी होती, तिच्यावर तुम्ही पाणी, पंखा, नितीन असे शब्द लिहायचे, तेही शुद्ध. मी वाट बघत होते. मला क्षमा नको होती, आभार नको होते. नितीन समोर बसलेले असताना एकदा पाटीवर लिहा की हिला माहीत होतं, मी हिला गप्प बसवलं. एवढंच. म्हणजे ते ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर राहिलं नसतं. तुम्ही शेवटच्या सकाळी लिहिलंत, पंखा कमी. मी कमी केला.

तेरवीनंतर शाळेत शोकसभा झाली. आठवी ते दहावीची मुलं सतरंजीवर, आम्ही खुर्च्यांवर, टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो. आताच्या मुख्याध्यापक बाई बोलल्या. संस्थेचे एक जण बोलले. “सर आयुष्यभर निर्व्यसनी राहिले. मुलांनो, हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवा,” असं ते म्हणाले. मागे बसलेल्या दोन शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बघितलं. त्यांच्यातल्या एकाच्या गालात तेव्हाही काहीतरी होतं. मग कुटुंबातर्फे दोन शब्द म्हणून नितीनना बोलावलं. त्यांचे डोळे वाहत होते. मान हलवून त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी काही ठरवून गेले नव्हते. माईकपाशी उभी राहिले आणि मुलं दिसली. पोरं कशी बसतात तशीच बसली होती, एक जण दुसऱ्याच्या पाठीत पेन टोचत होता. मी म्हणाले, “सरांना व्यसन होतं. ते खर्रा खायचे. त्यांचं तोंड उघडेनासं झालं, शेवटी करंगळी जात नव्हती. तीन वर्षं मी त्यांना सुपारीएवढे पाव करून देत होते आणि घरात कोणाला सांगत नव्हते, कारण सरांना लाज वाटत होती. तुमच्या घरात कोणी तिखट खाणं सोडलं असेल, कोणी जांभई अर्धीच देत असेल, तर गप्प बसू नका. मी बसले होते.” आणि मी खाली उतरले. बाईंनी घाईघाईनं दोन मिनिटं मौन जाहीर केलं.

नितीन मला न घेता घरी गेले. मी चालत आले. ते ओसरीवर उभे होते.

“तुले माहीत होतं?”

“हो.”

“तीन वर्षं?”

“हो.”

“तीन वर्षं तू त्यायले पाव चारले आन् मले सांगितलं नाही. मी याच घरात होतो नं वैशाली? का मेलो होतो?”

मी तुमचं नाव पुढे करू शकले असते. केलं नाही. आणि त्यात मोठेपणा नव्हता, तोंडातून शब्दच निघाला नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. तुमच्या चुलतभावांचा फोन आला की घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. आणली. अब्रू कसली होती ती मी रोज सकाळी मोरीत धूत होते.

परवा सकाळी एक बाई दारात आली. अंगात कामावर जायचा जुना शर्ट, हातात डबा. नाव शोभा, नवव्या वर्गातल्या एका मुलीची आई. पोरीनं घरी जाऊन जांभईचं सांगितलं होतं.

“माह्या घरच्या माणसाचं तोंड दोन बोटं उघडते जी,” ती म्हणाली. “भाकर जात नाही त्याले. तुम्ही सरले पाव देत होत्या म्हणे. तो मले शिकवता काय? माह्यापाशी ओव्हन नाही, पण गंज आहे.”

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. मैद्याचा डबा माझ्या हाताशी होता. शिकवणं किती सोपं होतं! दोन बोटांचा पाव मला डोळे मिटून जमतो.

“शिकवते,” मी म्हणाले. “पण आज नाही. आधी त्यांना यवतमाळला दाखवा. डॉक्टरनं तपासलं की मग या, सगळं दाखवते.”

“तो येत नाही नं बाई. म्हटलं तर अंगावर धावते. कायले जाऊ म्हणते, काही झालं नाही मले. तवरोक पोटात काही गेलं पाहिजे नं.”

“पोटात गेलं की ते दवाखान्यात कधीच जाणार नाहीत, शोभाताई. माझं ऐका.”

ती रडायला लागली. मला वाटलं, ही उठून जाईल, आणि कुठल्यातरी मोबाईलवर बघून पाव करेल, आणि तो माणूसही तीन वर्षं काढेल. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. नितीन बाहेर आले, गाडीची किल्ली हातात.

“घर कुठं आहे तुमचं?” त्यांनी तिला विचारलं.

त्यांनी त्या माणसाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोघं मोटरसायकलवरून आमच्या दारावरून गेले, मागे बसलेल्यानं तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. ते परतले संध्याकाळी. डॉक्टरांनी सांगितलं की गाल ताठले आहेत पण अजून वेळ गेलेली नाही. एक तुकडा तपासायला घेतला आहे. खर्रा आजपासून बंद, तोंडाचे व्यायाम रोज, आणि दर महिन्याला यायचं. शोभा काल येऊन पाव शिकून गेली. तिचा हात हलका आहे, माझ्यापेक्षा चांगले करेल.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. नितीन घरी आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले, खाली फरशीवर. इतक्या दिवसांनी. मी भाजी चिरत होते.

“तो माणूस रस्त्यानं रडत होता,” ते म्हणाले. “म्हणे, बायकोले सांगू नका किती झालं ते. मी म्हटलं, मी सांगणार.” मग: “तुले बाबानंच गप्प ठेवलं होतं नं?”

मी चिरायचं थांबले. हो म्हणाले.

“भेकड होते बाबा,” तुमचा मुलगा म्हणाला. “साऱ्या गावाले शिकवलं, आन् सोता भेकड निघाले.”

मामाजी, गेले एकवीस दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात याहून वाईट शब्द दिले आहेत. आज या कागदावर दिले आहेत, आणि एकही मागे घेत नाही. पण त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझी सुरी हातातून खाली पडली.

“तुम्ही नाही म्हणायचं तसं,” मी त्यांना म्हणाले. “मी म्हणेन.”